एका प्लास्टरात दोघे

ती. मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. परवा व्हाइट सिमेंटची गोणी उचलताना कंबर धरली, त्यामुळे आठातली निम्मी अंगं सध्या वाकत नाहीत.) तुमची तब्येत कशी आहे? मूतखडा पडला का? पडला असेल तर टाकून देऊ नका, डबीत घालून ठेवा. आमची ही शाळेत सध्या मुलांना कॅल्शियम शिकवते आहे आणि वर्गात दाखवायला तिच्याकडे संगमरवराचा तुकडा, एक शिंपला, अंड्याचं टरफल आणि हातातला खडू एवढंच आहे. नात्यातल्या माणसाचा खडा असला तर मुलांवर छाप पडेल, असं तिचं म्हणणं. मामींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, कॅल्शियमच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाहीत. हेही हिचंच. माझं स्वतःचं ज्ञान दुकानापुरतं : चुना, सिमेंट, पुट्टी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. माझ्या लग्नात तुम्ही माझ्या सासऱ्यांना माझी ओळख ‘हा लोकांना चुना लावतो’ अशी करून दिली होतीत. ते अजून हसलेले नाहीत.

पत्र लिहिण्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. आईने तुम्हाला फोन करून ‘मी कायमची तुझ्याकडे राहायला येते’ म्हणून सांगितलं, तुम्ही लगेच ‘ये’ म्हणालात, स्टेशनवर घ्यायला गेलात, आणि हात हलवत परत आलात. त्यानंतर तुम्ही फोन केलात तेव्हा आई ‘प्लास्टर होतं’ एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तुम्ही साहजिकच घाबरलात. तर पहिली गोष्ट, कोणाचंही हाड मोडलेलं नाही. दुसरी गोष्ट, ते प्लास्टर मी घातलं होतं. तिसरी गोष्ट सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि फोनवर मागे जाता येत नाही. आमच्या घरात एका खोलीत फोनवर बोललेलं तिन्ही खोल्यांत ऐकू जातं, आणि ज्यांच्याविषयी बोलायचं ती दोन्ही माणसं दिवसभर घरातच असतात.

भांडण किटलीवरून झालं. आमच्याकडचं पाणी जड आहे. (पचायला जड असं नव्हे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ असा शब्द आहे. मला तो शिवीसारखा वाटतो.) अंगाला साबण लावला तर फेस येत नाही, गीझरची कॉइल टिकत नाही, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते, आणि किटलीच्या आत खडूसारखा थर बसतो. आईला त्या थराचं काही वाटत नाही. बाबांना वाटतं. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. घड्याळाच्या आत केसभर मळ दिसला तरी ज्या माणसाला जेवण जायचं नाही, त्या माणसाने निवृत्त झाल्यावर किटलीत डोकावून पाहिलं. मग काय, त्यांनी एक दिवस किटलीत व्हिनेगर भरलं, उकळलं, थर सुटायला म्हणून तसंच ठेवलं आणि ते फिरायला निघून गेले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी-शेजारीण आले. आईने किटली भरलेली पाहिली, तिला वाटलं पाणीच आहे, तिने चहा केला. चहा फाटला तो फाटलाच, पण शेजाऱ्यांनी तो भिडेखातर अर्धा प्यायलासुद्धा.

बाबा परत आले तेव्हा आईचा चेहरा लाल होता. (शोभेच्या दारूला लाल रंग स्ट्रॉन्शियममुळे येतो म्हणतात. आईला ते लागत नाही.) ती म्हणाली, “जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसलात, घरात किती वाजलेत ते कधी पाहिलं नाहीत. आजपासून माझ्याशी बोलू नका.”

बाबांनी ऐकलं. मामा, खरी अडचण इथे झाली. त्यांच्या लग्नाला आता पन्नास वर्षं होतील. एवढ्या काळात आईचं एकही वाक्य बाबांनी इतकं तंतोतंत पाळलेलं नव्हतं. ‘बोलू नका’ हे तिने याआधीही पुष्कळदा म्हटलं होतं, आणि दर वेळी बाबा संध्याकाळपर्यंत ‘माझा चष्मा कुठे आहे’ असं काहीतरी विचारून मोकळे व्हायचे. या वेळी चष्मा हरवला तर ते तसेच, काही दिसत नसताना, बसून राहिले. आठवडा गेला, महिना गेला, दुसरा गेला. आईला आपला शब्द मागे घेता येईना आणि बाबांना तो मोडता येईना. मधे मी. जेवायला चौघं एकाच टेबलाशी आणि आई मला म्हणणार, “तुझ्या बाबांना सांग, आमटी आणखी हवी तर आहे.” मी डावीकडे मान वळवून तेच सांगणार. बाबा मान हलवून नको म्हणणार. ते मी उजवीकडे पोचवणार, जरी ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी. त्यात बाबांचं जेवणही कमी झालं. अर्ध्या ताटावरून उठायचे. आईने त्याचा अर्थ असा लावला की आता हे तिच्या हातचं खायलाही तयार नाहीत. आणि मग तिने तुम्हाला फोन केला.

ती बॅग भरायला लागली तेव्हा मला ती कल्पना सुचली. सुचली म्हणजे मोबाईलवर दिसली. कुठल्यातरी घरातल्या म्हाताऱ्या नवराबायकोचे एकमेकांत गुंतलेले हात, प्लास्टरमध्ये ओतून केलेले, काचेच्या पेटीत. दिसायला फार सुरेख. मी विचार केला, पन्नासावं वर्ष आहे, प्लास्टर तर आपल्याच दुकानात गोण्यांनी पडलेलं आहे, आणि साचा घ्यायचा म्हणजे निदान तेवढा वेळ दोघांना एकमेकांचा हात धरून बसावं लागेल. पुढचं पुढे. हिला सांगितलं तर हिने तपासत असलेल्या पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, “बादलीभर प्लास्टरमध्ये हात घालायला लावू नकोस. ते जमताना तापतं. हात भाजतील.” हे मात्र मी ऐकलं. म्हटलं बादली नको, हाड मोडल्यावर गुंडाळतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या औषधाच्या दुकानातून आणू, दोघांच्या हातांवर गुंडाळू, जरा घट्ट झाल्या की कात्रीने कापून दोन फाका करू, आणि तो साचा झाला. ही म्हणाली, “कधी केलंयस का?” मी म्हणालो, “बायको, मी आयुष्यभर प्लास्टरच विकतोय.” (चप्पल विकणाऱ्याला धावता येतंच असं नाही, हे तिने नंतर सांगितलं.)

तर रविवारी दुपारी मी दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं. दोघंही कबूल झाली, कारण दुसऱ्याने नाही म्हणावं अशी दोघांचीही अपेक्षा होती. एक खिडकीकडे तोंड करून, दुसरं कपाटाकडे. मी म्हटलं, हातात हात द्या. आई मला म्हणाली, “विचार त्यांना, हात धुतलाय का.” बाबांनी हात पुढे केला. धुतलेला होता. मी चिकटू नये म्हणून पेट्रोलियम जेली लावली. आईच्या हाताला भरपूर लावली, आणि बाबांच्या तळव्यापर्यंत आलो तोवर डबी संपली, त्यामुळे त्यांच्या हाताची वरची बाजू, जिथे केस आहेत, ती कोरडी राहिली. आणखी एक चूक माझ्या ध्यानात आली नाही ती म्हणजे मी दोघांचेही उजवेच हात घेतले. फोटोत तसंच होतं. हस्तांदोलन करतात तसे. फोटोतल्या माणसांना उठून कुठे जायचं नव्हतं.

पट्ट्या भिजवून गुंडाळल्या. मग मजबुतीसाठी आणखी गुंडाळल्या. मग वरून जरा गुळगुळीत दिसावं म्हणून दुकानातल्या छताच्या प्लास्टरचा एक हात दिला. थोड्या वेळाने बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, “गरम लागतंय.” आई कपाटाला म्हणाली, “प्लास्टर आहे. गरम होणारच.” मामा, दोन महिन्यांत एकाच विषयावरची ती पहिली दोन वाक्यं होती. माझा ऊर भरून आला. आणि नेमका तेव्हाच एका बिल्डरच्या सुपरवायझरचा फोन आला, की आमच्याकडची पुट्टी भिंतीवर तडकली. मी दारात जाऊन त्याला समजावत राहिलो, की पुट्टीत पाणी किती घालायचं ते गोणीवर छापलेलं असतं. तो म्हणाला, गोणी वाचणारे कामगार कुठून आणू. असं बरंच चाललं. परत येऊन बघतो तर दोघांच्या मधोमध एक पांढरा दगड तयार झालेला. खलबत्त्याएवढा. कात्री त्यावर वाकली. मग पावाची सुरी आणली. तिने पांढरी भुकटी पाडली, त्यापलीकडे काही केलं नाही. मग मी दुकानातून छिन्नी-हातोडी आणली. ती पाहून बाबांनी प्रथमच माझ्याकडे वडिलांसारखं पाहिलं. तेवढ्यात ही आतून आली, तिने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली, म्हणाली, “हॉस्पिटल,” आणि परत पेपर तपासायला गेली.

दुकानाचा टेम्पो काढला. उजव्यात उजवा असल्यामुळे त्यांना शेजारी शेजारी नीट बसता येईना. बाबा सीटवर आडवे वळून, गिअरच्या दांड्यावर गुडघा, आणि तोंड सबंध वेळ आईकडे. आईचं तोंड खिडकीकडे. चालायची वेळ आली तेव्हा कळलं की एकाने पुढे चालायचं तर दुसऱ्याने मागे, नाहीतर दोघांनी खेकड्यासारखं आडवं. हॉस्पिटलच्या दारातून ती दोघं आडवीच आत शिरली. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, कोणाचा हात मोडलाय. बाबा म्हणाले, कोणाचाच नाही. मग प्लास्टर कशाला? बाबा म्हणाले, “मुलाने घातलं.” त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं हा आता पोलिसांना बोलावतो. मग त्याची अडचण वेगळीच निघाली. प्लास्टर एक आणि पेशंट दोन, तर पेपर एक काढायचा की दोन? शेवटी त्याने एकच काढला आणि नावाच्या जागी दोघांना बसवलं.

प्लास्टर कापणारा माणूस जेवायला गेला होता आणि यंत्राच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती. आम्ही एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. जाणारे-येणारे थांबून बघत आणि हळहळत, कारण दुरून असं दिसे की म्हातारं जोडपं एकमेकांचा हात घट्ट धरून काहीतरी वाईट बातमीची वाट बघतंय.

आता एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. बाबांना अलीकडे पोट साफ न होण्याची तक्रार होती, आणि ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेतात. दुधासारखं पांढरं, खडूच्या चवीचं औषध. त्या दिवशी सकाळी त्यांनी अंमळ जास्तच घेतलं होतं. (मॅग्नेशियमची तार पेटवली तर डोळे दिपतात, हे मी शाळेत पाहिलेलं. दुसऱ्या रूपात ते इतक्या शांतपणे काम करतं याची कल्पना नव्हती.) बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजलो नाही. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि मग, दोन महिन्यांत पहिल्यांदा, थेट आईच्या तोंडाकडे बघून ते तिच्याशी बोलले.

“मला जायचंय.”

“कुठे?”

“अगं, जायचंय.”

आई उठली. ती पुढे आणि बाबा मागे अशी वरात पुरुषांच्या संडासाकडे निघाली. मी आधी पळत जाऊन आतल्या दोघातिघांना बाहेर काढलं. त्यातला एक गृहस्थ सलाइनच्या खांबासकट होता, पण परिस्थिती बघून तोही लगबगीने निघाला. मी दाराबाहेर पाठ करून उभा राहिलो. दार पूर्ण लागत नव्हतं, त्यामुळे ऐकू आलं, आणि ऐकू आलं ते असं :

“गाठ बसलीये नाडीची.”

“ओढू नका, आणखी आवळेल. द्या इकडे.”

“तू डोळे मिट.”

“डोळे मिटून गाठ कशी सोडवू?”

पुढचं सांगत नाही. वेळेत सगळं झालं एवढंच सांगतो. परत येऊन बाकावर बसली तेव्हा दोघंही दमलेली होती आणि पुन्हा गप्प होती, पण ती गप्प बसण्याची तऱ्हा निराळी होती. मला वाटलं, जमलं आपलं काम. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं, आतून एक्स-रे काढणाऱ्या बाई बाहेर आल्या, बाबांना पाहून थबकल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, “अहो आजोबा! त्या दिवशी बेरियमचा ग्लास तसाच ठेवून कुठे पळालात? आम्ही सगळ्या मजल्यांवर शोधलं तुम्हाला.”

बाबांनी डाव्या हाताने चष्मा काढला आणि पुसायला लागले. एका हाताने चष्मा पुसता येत नाही. आई म्हणाली, “कसला ग्लास?” त्या बाईंनी बिचाऱ्यांनी सरळ मनाने सांगितलं, की घास गिळताना अडकतो अशी तक्रार असली की पेशंटला बेरियम पाजून एक्स-रे काढतात. पांढरं, दाट असतं ते. पोटात जाऊन काही करत नाही, पण जिथून जातं ती वाट फोटोत दिसते. डॉक्टरांनी आजोबांना पाठवलं होतं, आजोबांनी दोन घोट घेतले, आणि त्या मशीन लावायला वळल्या तोवर आजोबा नाहीत. एवढं सांगून होतंय तोच त्यांना कोणीतरी हाक मारली म्हणून त्या गेल्या.

तुमच्या बहिणीची सवय तुम्हाला ठाऊक आहे. राग आला किंवा भीती वाटली की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. ती उठली. हात ओढला गेला, बाबाही उठले. ती बसली. तेही बसले. मी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लसीकरणाची माहिती वाचायला लागलो. (ती आता मला पाठ आहे.)

“कधीपासून अडकतोय?”

“किटलीच्या आधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“बोलू नका म्हणालीस.”

“असलं सोडून बोलू नका, म्हटलं होतं मी!”

“तसं काही म्हणाली नव्हतीस.” बाबांनी हातातला चष्मा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “बरंच झालं म्हटलं. बोलत असतो तर तू काढून घेतलं असतंस माझ्याकडून. मग तू रडली असतीस.”

“मी नसते रडले,” आई म्हणाली, आणि रडायला लागली. बाबांनी डाव्या हाताने तिचे डोळे पुसायचा प्रयत्न केला. त्यांचा डावा हात कामाचा नाही. त्यात मांडीवरचा चष्मा पडला, आणि तिचाही त्यांनी पाडला. दोघांचे दोन चष्मे मी बाकाखालून उचलले आणि हातात धरून उभा राहिलो, कारण दुसरं काय करावं हे मला कळेना. मामा, दोन महिने मी या माणसाच्या शेजारी जेवायला बसत होतो. तो अर्ध्या ताटावरून उठतो हे मी रोज पाहत होतो, आणि रोज मी त्याचा निरोप उजवीकडे पोचवत होतो, की आमटी नको.

प्लास्टर कापणारा आला. दात कोरत कोरत त्याने तो गोळा चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि कौतुकाने विचारलं, “कुठल्या डॉक्टरांनी घातलंय? असलं भक्कम मी पाहिलं नाही.” मी सांगितलं की आतून पट्ट्या आहेत आणि बाहेरून छताचं प्लास्टर. तो म्हणाला, “बरोबर, छत नाही पडत,” आणि यंत्र चालू केलं. ते गोल पात्याचं यंत्र नुसतं थरथरतं, कातडी कापत नाही, पण आवाज असा की दाढ काढून घ्यावीशी वाटते. बाबांनी डोळे मिटले. आई म्हणाली, “तिकडे बघू नका. माझ्याकडे बघा.” ते बघत राहिले. प्लास्टरच्या दोन फाका झाल्या, बाबांच्या हातावरचे केस त्या फाकेबरोबर गेले, आणि आतून दोन पांढरे, सुरकुतलेले हात निघाले. दोघं तशीच बसली होती. यंत्रवाल्याला दोनदा सांगावं लागलं, की झालं, सोडा आता.

दुसऱ्या दिवशी बाबा उपाशीपोटी बेरियम प्यायला गेले. आई बरोबर गेली. तिला एक्स-रेच्या खोलीत जाऊ देत नाहीत, म्हणून ती दाराबाहेर उभी राहून दर घोटाला आतमध्ये ओरडत होती, “पळालात तर बघा!” मी तो ग्लास पाहिला. माझ्या दुकानातल्या डिस्टेंपरमध्ये आणि त्यात रंगाचा काही फरक नाही. एका दमात प्यायला छाती लागते. मला बाबांचं पळणं कळलं. फोटोत असं दिसलं की अन्ननलिका खालच्या टोकाला आखडली आहे. नको ती गाठ वगैरे काही नव्हती. डॉक्टरांनी नंतर नळी घालून ती जागा रुंद करून दिली, जेवण मऊ आणि सावकाश करायला सांगितलं, आणि पोटातलं बेरियम निघून जायला भरपूर पाणी आणि थोडं तेच मिल्क ऑफ मॅग्नेशिया द्यायला सांगितलं. (एका धातूला बाहेर काढायला त्याच घराण्यातला दुसरा पाठवायचा, असं ही म्हणते.) ही आणखी असंही म्हणाली, की घरात बेरियम मीच आहे : जड, कशात न विरघळणारा, स्वतः काही न करणारा, पण मधून गेलो की आत काय चाललंय ते इतरांना दिसतं. मी हे कौतुक म्हणून घेतलं आहे. तुम्हीही तसंच समजा.

बाबा आता पूर्ण ताट जेवतात. साचा वाया गेला. त्यात प्लास्टर ओतून पाहिलं तर हात न येता उकडलेल्या बटाट्यासारखं काहीतरी निघालं. दुकानात पेपरवेट म्हणून ठेवलं आहे. लोक विचारतात, हे काय. मी सांगतो, लग्न.

तर आई का आली नाही, ते हे. तुम्ही तिच्यासाठी खोली आवरलीत, पलंग हलवलात, त्यात तुमची कंबर नाही ना धरली? मामींना नमस्कार. कळावे, आणि लोभ जसा आहे तसाच राहू द्यावा. वाढवायला मी काही केलेलं नाही.

आपला भाचा

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पुढचं लिहायचं म्हणून ते लिहिलं. मामा, ही दोघं आता बोलतात. पहाटे उजाडायच्या आधी सुरू होतात. दोन महिन्यांचं साठलेलं संपेल, मग थांबतील असं वाटलं होतं. ते संपलं, आणि आता पन्नास वर्षांचं काढलं आहे. कोणत्या लग्नात कोणी कोणाला काय म्हटलं, तुम्ही लहानपणी कोणाची कोणती वस्तू मोडलीत, सगळं. आमची खोली भिंतीपलीकडे आहे. भिंतीवर मी आतून आणखी प्लास्टर चढवून पाहिलं, आवाज तसाच येतो. ही झोप न झाल्यामुळे वर्गात खडू हातात धरून पेंगते. तर आईसाठी आवरलेली ती खोली तशीच ठेवा आणि दोघांनाही दोन महिने बोलावून घ्या. बोलावणं तुमचं आहे असं दिसू द्या. माझं नाव घेऊ नका.

ता. क. २. तुमच्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, आईकडे आहे. पण काळजी करू नका, पाकीट पक्कं चिकटवूनच तिच्या हातात देतो आहे. ती फक्त वर पत्ता घालेल.

*

चि. भाऊस आशीर्वाद. पाकीट माझ्याकडे आलं ते सुटलेलंच होतं. या मुलाच्या हातून चिकटायला नको ते चिकटतं आणि चिकटायला हवं ते चिकटत नाही. वाचलं. पुष्कळसं बरोबर लिहिलंय. मी रडले असं लिहिलंय ते खोटं आहे, प्लास्टरची धूळ गेली होती. आम्ही दोघं येतो, पण दोन महिने नाही, आठवडाभर. त्याहून जास्त याच्यावर घर सोपवता यायचं नाही. ह्यांच्यासाठी जेवण मऊ कर म्हणावं तुझ्या बायकोला, आणि जेवताना घाई करू नका.

एक गोष्ट त्याने लिहिली नाही, कारण त्याला ठाऊक नाही. तूही सांगू नकोस. त्याने प्लास्टर माझ्या बांगडीवरूनच गुंडाळलं होतं. ज्या बांगडीतून हात निघतो, तेवढ्याच रुंद प्लास्टरातूनही तो निघणारच. त्यात त्याने अर्धी डबी जेली मलाच फासलेली. तो दारात उभा राहून त्या पुट्टीवाल्याशी वाद घालत होता तेव्हा मी सहज ओढून पाहिलं, तर हात पंजापर्यंत बाहेर आला. ह्यांनी बघितलं. बोलले काही नाहीत, पण आत बोटं हलवून माझी बोटं शोधायला लागले.

मी हात परत आत सरकवला.

तुझी ताई